हवेचे भाडे कोण भरणार?

चतुर्थी जवळ आली की थर्मोकोलविषयी बोलण्याची आपल्याकडे एक प्रथाच पडून गेली आहे. पंचायती फलक लावतात, शाळांतून निबंधस्पर्धा होतात, कागदी व बांबूच्या मखरांची छायाचित्रे वृत्तपत्रांतून झळकतात. आणि विसर्जन झाले की गणरायाबरोबर या विषयाचेही विसर्जन होते. वास्तविक सजावटीच्या थर्मोकोलचा निकाल कायद्याने केव्हाच लावलेला आहे. केंद्र सरकारने १२ ऑगस्ट २०२१ रोजी काढलेल्या अधिसूचनेनुसार १ जुलै २०२२ पासून सजावटीचा थर्मोकोल, त्याचप्रमाणे एकदा वापरून फेकून द्यावयाच्या प्लॅस्टिकच्या ताटल्या, पेले, चमचे इत्यादी वस्तू देशभर निषिद्ध ठरल्या. शेजारच्या महाराष्ट्राने तर २०१८ सालीच हे पाऊल उचलले होते, आणि त्या वर्षीच्या गणेशोत्सवापुरती सवलत मागण्यासाठी उच्च न्यायालयात गेलेल्या व्यापाऱ्यांना रिक्त हस्ते परतावे लागले होते. कायदा झाला म्हणजे वस्तू नाहीशी होते असे मानण्याइतके भोळे कोणी नाही. तथापि मखराच्या बाबतीत निदान काय करावयाचे आणि काय करावयाचे नाही, हे स्पष्ट आहे.

आम्हांला आज बोलावयाचे आहे ते कायद्याच्या कचाट्यात न सापडलेल्या थर्मोकोलविषयी. नवा शीतकपाट घरी येतो, दूरदर्शन संच येतो, धुलाई यंत्र येते. त्यांच्याबरोबर पांढऱ्या ठोकळ्यांचा ढीग येतो. औषधांच्या लशी, द्राक्षे, फुले याच पेट्यांतून प्रवास करतात. आणि आमच्या किनारपट्टीच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, बर्फात घातलेली मासळी याच पेट्यांतून येते आणि जाते. मखर वर्षातून एकदा बसते; मासळीची पेटी रोज पहाटे उतरते. परंतु आमचा सारा उत्साह मखरावर खर्च होतो, आणि पेटीचे पुढे काय होते याची चौकशी करण्याची गरज कोणाला भासत नाही.

हा पदार्थ आहे तरी काय, हे प्रथम पाहिले पाहिजे. थर्मोकोल हे मुळात एक व्यापारी नाव; ते आपल्या भाषांत इतके रुळले की वस्तूचेच नाव होऊन बसले. शास्त्रीय भाषेत हा फुगवलेला पॉलिस्टायरीन. खनिज तेलापासून मिळणाऱ्या बेंझीन व इथिलीन यांच्या संयोगातून स्टायरीन हा द्रव तयार होतो, आणि त्याच्या रेणूंच्या लांब साखळ्या जुळल्या म्हणजे पॉलिस्टायरीन. १९५० च्या सुमारास जर्मनीतील बीएएसएफ कंपनीच्या संशोधकांनी त्याच्या साखरेएवढ्या दाण्यांत पेंटेन हा चटकन वायुरूप होणारा पदार्थ कोंडला, दाण्यांना वाफ दिली, आणि ते लाह्यांसारखे फुलले. मूळ आकाराच्या सुमारे चाळीस पटींपर्यंत ते फुगतात. मग ते साच्यात भरून पुन्हा वाफ दिली की एकमेकांना चिकटतात आणि साच्याचा आकार घेतात. पेंटेन हळूहळू उडून जातो, त्याची जागा हवा घेते. या हवेच्या बंदिस्त कप्प्यांमुळेच बर्फ टिकतो, काच फुटत नाही, आणि हमालाच्या डोक्यावर पेटीचे ओझे होत नाही. गुण जे आहेत ते सारे या हवेचे आहेत. थर्मोकोलच्या आकारमानात सुमारे ९८ टक्के हवा आणि अवघे २ टक्के प्लॅस्टिक असते.

मौज अशी की, दोषही याच हवेचा आहे. एक घनमीटर पाण्याचे वजन हजार किलो भरते. एक घनमीटर थर्मोकोलचे वजन १५ ते २५ किलो. ज्याचा हौद ३० घनमीटरांचा आहे असा दहा टनांचा ट्रक घ्या आणि त्यात फट न ठेवता हे ठोकळे रचा. ट्रक तुडुंब भरेल, दोरखंड बांधावे लागतील, आणि काट्यावर चढवला तर माल भरेल सहाशे किलोंच्या आसपास. प्रत्यक्षात ठोकळे वेडेवाकडे असतात, पेट्या पोकळ असतात. तेव्हा सहाशेचे तीनशे झाले तरी आश्चर्य वाटू नये. मडगावहून बेळगावपर्यंत अशी गाडी न्यावयाची म्हणजे दहा टनांचे भाडे भरून तीनशे किलो प्लॅस्टिक न्यावयाचे. उरलेले भाडे कशाचे? हवेचे!

आमच्या मते थर्मोकोलच्या प्रश्नाचे सारे रहस्य या एका आकडेमोडीत आहे. या वस्तूचा पुनर्वापर होऊ शकत नाही, ती मुळातच असाध्य आहे, असा एक समज सुशिक्षितांतही पसरलेला दिसतो. तो खरा नाही. पॉलिस्टायरीन हे उष्णतेने मऊ होणारे प्लॅस्टिक आहे. ते वितळवून त्याचे पुन्हा दाणे पाडता येतात आणि त्या दाण्यांपासून नव्या वस्तू घडवता येतात. अडचण रसायनाची नाही, वाहतुकीची आहे. भंगारवाल्याला हे कोणी शिकवावे लागत नाही. तो वर्तमानपत्रांची रद्दी घेतो, पत्रा घेतो, बाटल्या घेतो, फुटकी बादली घेतो, कारण या वस्तू तराजूत वजन देतात. टीव्हीच्या खोक्यातले दोन मोठे ठोकळे त्याच्यापुढे ठेवले तर तो मान हलवून पुढे जातो. ते तराजूत जेमतेम काही शे ग्रॅम भरणार आणि त्याची अर्धी हातगाडी अडवणार. भंगारअड्ड्यांवर सरकारचा व नागरिकांचा रोष असतो, तो कित्येकदा रास्तही असतो. परंतु काय विकले जाते आणि काय विकले जात नाही याचे ज्ञान या माणसाला पर्यावरण विभागापेक्षा अधिक आहे, हे मान्य करावेच लागेल.

तेव्हा इलाज एकच: माल हलवण्याआधी त्यातली हवा काढून टाकावयाची. यासाठी यंत्रे आहेत आणि ती काही अद्भुत नाहीत. एका प्रकारात ठोकळ्यांचा चुरा करून मळसूत्राच्या दाबाने तो आवळला जातो. दुसऱ्यात उष्णता देऊन लगदा केला जातो आणि थंड झाल्यावर त्याच्या कठीण लाद्या बनतात. आकार चाळीस-पन्नास पटींनी, उष्णतेच्या पद्धतीत त्याहूनही अधिक घटतो. घनमीटरमागे वीस किलो भरणारा माल तीनशे किलो आणि त्याहून अधिक भरू लागतो, म्हणजे त्याच ट्रकात आता नऊ-दहा टन माल बसतो. भंगारवाल्याच्या तराजूलाही तो जाणवतो. तिसरा मार्ग विरघळवण्याचा. संत्र्याच्या सालीच्या तेलातील लिमोनीन या द्रव्यात थर्मोकोल विरघळतो, आणि १९९० च्या दशकात जपानमधील सोनी कंपनीने या गुणावर आधारलेली पद्धत विकसित केली होती. आपल्याकडची काही उत्साही मुले हाच प्रयोग पेट्रोलमध्ये करून डिंक बनवतात. त्यांना एवढेच सांगावयाचे की तो डिंक म्हणजे चुलीची वाट पाहणारा वणवा आहे, आणि थर्मोकोल त्यात नाहीसा होत नाही. नाहीशी होते ती केवळ हवा.

या लाद्यांचे पुढे होते काय? त्यांचे दाणे पडतात आणि त्यांतून कपडे अडकवण्याचे आकडे, पट्ट्या, लेखण्यांची आवरणे आणि मुख्यतः चित्रांच्या चौकटी बनतात. दिवाणखान्यात लावलेल्या देवादिकांच्या तसबिरींना लाकडासारखी दिसणारी जी सोनेरी नक्षीची हलकी चौकट असते, ती पुष्कळदा पॉलिस्टायरीनची असते. ज्या थर्मोकोलला मखरात बसावयाला बंदी झाली, तो अशा रीतीने तसबिरीच्या कडेने पुन्हा देवघरात प्रवेश करू शकतो. अन्नाची भांडी मात्र या दाण्यांची करू नयेत.

हे सारे कागदावर सुंदर दिसते. प्रत्यक्षात कुठे घडले आहे काय? घडले आहे, आणि तेही मासळीच्याच बाजारात. टोकियो शहराचा त्सुकिजी येथील घाऊक मासळी बाजार जगप्रसिद्ध होता. २०१८ मध्ये तो टोयोसू येथे हलवण्यात आला. त्या बाजारात रोज जमणाऱ्या थर्मोकोलच्या पेट्यांचे ढीग बाजाराच्या आवारातच चुरडून, वितळवून त्यांच्या लाद्या पाडल्या जात. पेटी बाजाराबाहेर पेटी म्हणून जातच नसे, लादी म्हणून जाई. हवेचे भाडे कोणी भरावे हा प्रश्नच तेथे शिल्लक राहिला नाही. जपानमधील उत्पादकांनी १९९१ मध्ये संघटना स्थापून पेट्या गोळा करण्याची व्यवस्था लावली, आणि आज त्या देशात वापरलेल्या थर्मोकोलपैकी सुमारे ९० टक्के मालाचा काही ना काही उपयोग होतो असे तेथील आकडे सांगतात. वाचकांनी या आकड्याने दिपून जाऊ नये. त्यातला बराच मोठा भाग जाळून उष्णता मिळवण्याचा आहे. जाळण्यालाही 'उपयोग' म्हणावयाचे की नाही, हा वादाचा मुद्दा आहे; आम्ही म्हणणार नाही. तरीही जो भाग खरोखर पुन्हा वस्तुरूप घेतो, तोही आपल्याकडून लाजेने मान खाली घालायला लावण्याइतका मोठा आहे.

याच्या उलट न्यूयॉर्कचा अनुभव पाहा. त्या शहराने २०१३ मध्ये असा कायदा केला की थर्मोकोलच्या खाद्यपात्रांचा पुनर्वापर शक्य आहे की नाही हे स्वच्छता आयुक्तांनी ठरवावे. शक्य नसल्यास बंदी घालावी. आयुक्तांनी २०१५ मध्ये नाही म्हटले, उद्योजक न्यायालयात गेले, न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. उद्योगाने यंत्रांचा खर्च सोसण्याची तयारीही दाखवली. शहराने पुन्हा अभ्यास केला, २०१७ मध्ये पुन्हा तोच निष्कर्ष काढला, आणि अखेर १ जानेवारी २०१९ पासून बंदी अमलात आली. मुद्दा असा होता की घरोघरच्या कचऱ्यातून येणारा पेला तेलकट असतो, कचऱ्याच्या गाडीत दाबला जाऊन त्याचे तुकडे होतात, ते तुकडे कागदाच्या व इतर मालाच्या ढिगाऱ्यात मिसळून तोही बिघडवतात, आणि असा माल विकत घ्यायला कोणी तयार नसतो.

टोकियोत जे जमले ते न्यूयॉर्कात का जमले नाही? जपानी माणूस शिस्तीचा आणि अमेरिकन बेशिस्त, असली उत्तरे आम्हांला पटत नाहीत. एकीकडे एकाच जागी, एकाच आकाराच्या, एकाच प्रकारच्या हजारो पेट्या रोज जमतात. दुसरीकडे लक्षावधी घरांतून एकेक उष्टा पेला येतो. पहिला माल आहे, दुसरा कचरा आहे. थर्मोकोल विखुरला की तो मेला. विखुरण्यापूर्वी पकडला तरच त्याचे काही होऊ शकते.

आता आपल्या गोमंतकाकडे वळू. मडगावच्या घाऊक मासळी बाजारात कर्नाटक, केरळ, तामिळनाडू, आंध्र येथून गाड्या येतात. मालीम, कुटबण, वास्को येथील धक्क्यांवरून मासळी बाहेरही जाते. काही माल प्लॅस्टिकच्या क्रेटमधून, काही थर्मोकोलच्या पेट्यांतून. जुलै २०१८ मधील फॉर्मेलिनचे वादळ वाचक विसरले नसतील. त्यानंतर परराज्यांतील मासळी उष्णतारोधक वाहनांतूनच आणावी अशी सक्ती झाली, आणि ती योग्यच होती. मासळी थंड राहिली नाही तर तिच्यावर काय काय प्रयोग होऊ शकतात, याची धास्ती सर्वांनी अनुभवली. म्हणून 'थर्मोकोलवर सरसकट बंदी घाला' अशी जी मागणी अधूनमधून होते, तिला आम्ही पाठिंबा देऊ शकत नाही. पूर्वी हाऱ्यांतून आणि लाकडी खोक्यांतून मासळी जात असे हे खरे. परंतु तेव्हा ती जवळच्या गावापर्यंत जात असे, हजार किलोमीटर नव्हे. सजावटीला भेंड आहे, बांबू आहे, कागद आहे. आणि माटोळीच्या रानफळांइतकी देखणी आरास कोणत्या कारखान्यात होत नाही. जेवणावळीला केळीचे पान आहे. मासळीच्या पेटीला मात्र इतका सोपा पर्याय नाही. दुहेरी भिंतींच्या, वर्षानुवर्षे टिकणाऱ्या प्लॅस्टिकच्या पेट्या मिळतात. त्या महाग आहेत, जड आहेत, पण ठरावीक मार्गांवर नियमित फिरणाऱ्या मोठ्या व्यापाऱ्यांना परवडण्यासारख्या आहेत. त्यांनी त्यांचाच वापर करावा. लहान व्यापाऱ्याच्या हातून मात्र थर्मोकोलची पेटी इतक्यात सुटणार नाही.

ती पेटी चार-दोन खेपांनंतर कडेला फुटते. पाण्याने, रक्ताने, खवल्यांनी भरलेली ती पेटी मग बाजाराच्या मागच्या अंगाला पडते. वारा सुटला की तिचे दाणे गटारात उतरतात. मडगाव परिसरातील सांडपाणी साळ नदीला मिळते, आणि साळ बेतुलला समुद्राला. ज्या मुखाशी कुटबणचे मच्छीमार आपले ट्रॉलर नांगरतात, त्याच मुखातून बाजारातला हा पांढरा शिडकावा समुद्रात जातो. हे दाणे तरंगतात, कुजत नाहीत, उन्हाने ठिसूळ होऊन आणखी बारीक होतात, आणि पाखरे व मासे त्यांना भक्ष्य समजतात. दक्षिण कोरियाने याचा कटू अनुभव घेतला. तेथे कालवांच्या शेतीसाठी समुद्रात थर्मोकोलचे तरंगते गोळे बांधीत; त्यांचा चुरा किनाऱ्यांवर इतका साचला की २०२२ च्या नोव्हेंबरपासून टप्प्याटप्प्याने नवे गोळे बांधण्यास तेथील सरकारने मनाई केली.

आणि जी पेटी गटारात जात नाही, तिला काडी लावली जाते. जागा मोकळी करण्याचा तो सर्वांत स्वस्त उपाय. उघड्यावर जळणारा थर्मोकोल दाट काळा धूर, काजळी, कार्बन मोनॉक्साइड आणि स्टायरीनची वाफ सोडतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने २०१८ मध्ये स्टायरीनला 'माणसांत कर्करोग उद्भवण्याचा संभव असलेल्या' द्रव्यांच्या वरच्या वर्गात टाकले. मे २०१९ मध्ये सोनसड्याचा कचरा पेटला तेव्हा मडगावकरांनी दिवसेंदिवस जो धूर घेतला, त्यात काय काय मिसळले होते याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

आमची सूचना साधी आहे. जी गाडी थर्मोकोल भरून आणते, ती परतताना पुष्कळदा रिकामी जाते. हवा फुकट जाऊ शकते ती फक्त या एका मार्गाने. घरपोच शीतकपाट देणारा टेंपो माल उतरवून रिकामा दुकानाकडे परततो. गिऱ्हाइकाच्या अंगणात ठोकळे टाकून न जाता त्याने ते परत नेले, तर त्याचे पेट्रोल थेंबभरही अधिक जळणार नाही. पणजी, म्हापसा, फोंडा, मडगाव येथील दुकानदारांच्या कोठारांत ठोकळे कोरडे, स्वच्छ आणि अखंड जमले की अर्धे काम झाले. गृहिणीने एवढेच करावे की ते मोडू नयेत, भिजवू नयेत, जाळू नयेत. मासळीच्या बाबतीत हीच गोष्ट अनामत रकमेने साधता येईल: पेटी परत दिली की पैसे परत. फुटकी पेटी परतण्याच्या योग्यतेची नसेल, तर ती बाजाराच्या आवारातल्या यंत्रात जावी. घाऊक मासळी बाजाराचे आराखडे होतात तेव्हा त्यांत बर्फाचा कारखाना असतो, लिलावाचा ओटा असतो, वाहनतळ असतो. पेटी धुण्याचा चौथरा आणि ती आवळण्याचे यंत्र हेही त्याच यादीत आले पाहिजे. साळगाव आणि काकोडा येथील कचरा प्रकल्पांपर्यंत फुगलेल्या पेट्या ट्रक भरभरून नेणे, आणि तेथून दूरच्या सिमेंट भट्टीत जाळायला पाठवणे, हा व्यवहार म्हणजे हवेचे भाडे दोनदा भरणे होय.

यंत्राचे पैसे कोणी द्यावयाचे? फेब्रुवारी २०२२ मध्ये केंद्राने वेष्टनाच्या प्लॅस्टिकची जबाबदारी उत्पादक, आयातदार आणि त्या वेष्टनात माल विकणाऱ्या कंपन्यांवर नियमांनी टाकलेली आहे. शीतकपाट बनवणारी कंपनी नाव लपवू शकत नाही. तिचे बोधचिन्ह खोक्यावर ठळक असते. मासळीच्या पेटीवर पुष्कळदा कोणाचेच नाव नसते, आणि येथेच नियमाला पळवाट सापडते. पेटी घडवणाऱ्या कारखान्याचे नाव साच्यातच उमटवण्याची सक्ती केली, तर गटारात सापडलेल्या पेटीलाही बाप सापडेल. नगरपालिका, मासळी बाजाराचे व्यवस्थापन आणि कचरा व्यवस्थापन महामंडळ यांनी हे ओझे एकमेकांच्या खांद्यावर ढकलण्यात आणखी वर्षे घालवू नयेत, अशी आमची अपेक्षा आहे. अपेक्षा करण्यावाचून संपादकाच्या हाती असते तरी काय, असे कोणी म्हणेल. पण प्रश्न विधानसभेत विचारता येतो, आणि विचारणारे आमदार किनाऱ्यावरच्या मतदारसंघांत कमी नाहीत.

कामाला सुरुवात करावयाचा काळही ठरवता येईल. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक मासेमारी बंद असते. पूर्व किनाऱ्याची बंदी १४ जूनला संपते. म्हणजे जूनच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत आपल्या ताटातला मासा प्रामुख्याने पूर्व किनाऱ्याकडून, लांबचा प्रवास करून, बर्फात आणि पेट्यांत येतो. धक्के शांत असतात, बाजार मात्र पेट्यांनी भरलेला असतो. मडगावला यंत्र बसवून त्याची परीक्षा घ्यावयाची तर ती त्या सहा-सात आठवड्यांत घ्यावी. किती पेट्या आल्या, किती परत गेल्या, किती आवळल्या गेल्या आणि किती किलो लाद्या कोणत्या भावाने विकल्या गेल्या, याचे आकडे ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात बाजाराच्या फलकावर लावावेत. त्या वेळी चतुर्थीची तयारीही सुरू झालेली असेल.